महेश्वरला मोठा कॅमेरा नेताना

इंदूरहून महेश्वर साधारण नव्वद किलोमीटर. आपल्यापैकी बहुतेकांच्या तिथे डझनभर चकरा झाल्या असतील. पोहे-जिलेबी खाऊन निघायचं, नर्मदेत पाय बुडवायचे, अहिल्यादेवींच्या गादीला नमस्कार करायचा आणि साडी घेऊन संध्याकाळी परत. या जानेवारीत मात्र आम्ही मुक्कामी गेलो. सोबत १२ बाय १५ इंचांच्या फिल्मचा लाकडी कॅमेरा होता आणि ८६ वर्षांची आत्या होती. "पुढच्या वर्षी जमेल न जमेल, एकदा सगळे चला," असं तिनेच फर्मान काढलं होतं. आम्ही घरचे अकरा जण आणि फिल्म फक्त चार.

एवढा मोठा कॅमेरा कशाला, असं तुम्ही विचाराल. या कॅमेऱ्याची निगेटिव्ह कागदावर ठेवून थेट प्रिंट निघते, म्हणजे जेवढी फिल्म तेवढा फोटो. आपल्या इंदूरला ही पद्धत नवी नाही. लाला दीनदयाळ १८६६ साली इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि पुढे इथेच छायाचित्रणाकडे वळले. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यांना प्रोत्साहन दिलं. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांचेही फोटो असेच, काच कागदाला चिकटवून छापलेले.

खरा प्रश्न लेन्सचा. प्रत्येक लेन्स मागे प्रकाशाचं एक वर्तुळ पाडते. फिल्मचे चारही कोपरे त्यात बसले पाहिजेत, नाहीतर कोपरे काळे येतात. १२ बाय १५ इंचांचा कर्ण जवळजवळ ४९० मिलिमीटर. साध्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या बऱ्याच लेन्स इथेच बाद होतात. मला एका बंद पडलेल्या छापखान्याच्या सामानात ६०० मिलिमीटरची, एफ/९ ची प्रोसेस लेन्स मिळाली. ऑफसेटच्या निगेटिव्ह काढायला अशा लेन्स वापरत. त्या घेताना एक सांभाळायचं. जुन्या माहितीपत्रकात वर्तुळाचं माप बरेचदा मूळ आकाराची नक्कल काढतानाचं असतं. दूरचं दृश्य टिपताना ते निम्मं होतं. माझ्या लेन्सचं दूरचं वर्तुळ ५३० च्या आसपास भरतं, म्हणजे कोपरे सुटून वर थोडी जागा उरते.

पण छापखान्यातल्या लेन्सला शटर नसतं. तिथे दिवे लावून सेकंद मोजायचे, शटर हवंय कुणाला? बाहेरून बसवावं तर ६०० ला ९ ने भागा, सुमारे ६७ मिलिमीटरचं भोक लागतं. कोपलचं सगळ्यात मोठं, तीन नंबरचं शटरही त्याला पुरत नाही. मग दोन मार्ग उरतात. एक, लेन्सची टोपी काढायची आणि परत लावायची. दुसरा, पॅकार्ड शटर. ते लेन्सच्या मागे बसतं. रबरी फुगा दाबला की पडदे उघडतात, सोडला की मिटतात. टोपी फुकट आहे, पण हाताने एक सेकंदाच्या आत काम नीट होत नाही. कोणतं घ्यायचं हे दुकानात ठरत नाही, समोर काय आहे त्यावर ठरतं.

पहिल्या सकाळी होडीने पलीकडे नावडाटोलीला गेलो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५०च्या दशकात जिथे उत्खनन केलं, तीच ही जागा. नावाडी म्हणाला, "भिया, पेटी में हारमोनियम है क्या?" तिथून किल्ला, छत्र्या आणि पायऱ्या समोर दिसतात. दगड हलत नाही, म्हणून टोपीच वापरली. सूर्य नुकताच वर आला होता. एफ/६४ ला टोपी काढली, "एक नर्मदे हर, दोन नर्मदे हर, तीन नर्मदे हर" मोजलं आणि लावली. दोन फिल्म तिथे संपल्या. चालत्या होड्या पुसट आल्या, पायरी न् पायरी मात्र स्पष्ट.

उरलेल्या दोन आत्यासाठी. तिला घाटावरच बसायचं होतं. पण महेश्वर नदीच्या उत्तर काठावर आहे, घाटाचं तोंड दक्षिणेला. जानेवारीत तिथे दिवसभर ऊन डोळ्यांवर येतं. मग वर किल्ल्यात भिंतीच्या सावलीत आलो. सावलीत टोपीने फोटो काढायचा तर छिद्र लहान करून दोन-तीन सेकंद लागले असते. अकरा जण तेवढा वेळ स्तब्ध, त्यात चार वर्षांची नात? एफ/२२ ला मात्र एक तृतीयांश सेकंद पुरत होता. इथे पॅकार्डला पर्याय नव्हता. एफ/२२ ला पुढचं-मागचं फारसं स्पष्ट येत नाही, म्हणून सगळ्यांना एकाच ओळीत, कॅमेऱ्याला समांतर बसवलं. फिल्म एक्स-रेची, तिला लाल रंग दिसत नाही. हे सांगितल्यावर आत्याने मरून साडी बदलून आकाशी महेश्वरी नेसली. "काळी कशाला दिसू? एवढी लांब आलेय."

पहिल्या फिल्मवर ती ऐन वेळी नातीकडे वळली, चेहरा हलला. दुसरीवर सगळे अकरा स्वच्छ आले, आत्याच्या साडीच्या काठातल्या लहरीसुद्धा मोजता येतात. मी दोन्ही छापल्या. आत्याने स्वच्छ फोटो बैठकीत लावायला सांगितला आणि हललेला आपल्या कपाटात ठेवला.

तुमच्यापैकी कुणाला हा नाद लागला तर आधी लेन्स शोधत फिरू नका. कुठे उभं राहायचं, समोर दगड आहे की माणूस, ऊन कुठून येणार, हे आधी पक्कं करा. वर्तुळ किती हवं आणि टोपी पुरेल की फुगा लागेल, हे मग वहीवर दोन ओळींत निघतं. आणि घरात कुणी ८६ वर्षांचं असेल, तर तो हिशेब या हिवाळ्यातच करा.