तीन चाके आणि पांदण

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन गावे आहेत; एक बाजाराचे आणि दुसरे रेल्वेचे. मुंबईहून नागपूरकडे निघालेली आगगाडी बडनेरा मागे टाकून पुढे आली, की हे दुसरे चांदूर लागते. स्टेशनाबाहेर एके काळी उतारूंची वाट पाहत बैलगाड्या उभ्या असत. पुढे ऑटोरिक्षा आल्या, आणि अलीकडे त्यांच्या रांगेत विजेवर चालणारी, आवाज न करणारी तीनचाकी येऊन उभी राहू लागली आहे.

अशाच एका तीनचाकीचा धनी असलेला तरुण श्रावणातल्या एका दुपारी उतारूंची वाट पाहत होता. गाडी कर्जाची होती आणि तिला महिनाही झाला नव्हता. गाडीतून एक वृद्ध स्त्री उतरली. आदल्याच दिवशी तिच्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला होता. डोळ्यावर हिरवे फडके होते. सोबत तिचा भाऊ होता. त्याचा सारा जन्म बैलगाडी हाकण्यात गेला होता. गाव दोन कोसांवर, आणि त्यातला शेवटचा कोस पांदणीचा. डोळ्याला धक्का बसू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. पांदणीचे नाव ऐकताच इतर गाडीवाल्यांनी माना फिरवल्या. तरुण मात्र म्हणाला, “बसा, माय.”

वऱ्हाडची काळी माती कापसाला जितकी उदार, तितकीच चाकाला कृपण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती लोण्यासारखी मऊ होऊन चाकाला घट्ट चिकटते. पांदणीत बैलगाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध गवताचा उंचवटा. बैलगाडीला दोन चाके, म्हणून दोन चाकोऱ्या तिला पुरतात. तीनचाकीचे पुढचे चाक मात्र नेमके मधल्या उंचवट्यावर येते. ते एका चाकोरीत घालावे, तर मागच्या दोहोंपैकी एक चाक उंचवट्यावर चढते आणि गाडी कलंडू पाहते. तरुणाने हेच केले. गाडी एका अंगाला झुकली आणि वृद्धेने घाबरून भावाचा हात धरला.

“बापू, गाडीले जोर देऊ नोको,” म्हातारा खाली उतरत म्हणाला. “मी पुढं चालतो. माह्या पावलावर चाक ठेव.”

तो उंचवट्यावरून चालू लागला आणि पुढचे चाक त्याच्या मागोमाग निघाले.

तीन चाकांच्या गाडीचा स्वभाव तिच्या आकृतीत आहे. तिचा तोल एका त्रिकोणावर उभा असतो. वळणावर वेग असला किंवा वळतानाच ब्रेक दाबला, तर भार त्या त्रिकोणाच्या बाहेर जाऊ पाहतो. म्हणून वेग वळणाच्या आधीच आवरावा लागतो. जड बॅटऱ्या आसनाखाली बसवलेल्या असल्याने भार खाली राहतो, हे एक तिचे भाग्यच. चढावर ओझे मागे सरकले, तर पुढचे चाक हलके होऊन सुकाणू न मानणाऱ्या होडीसारखे भरकटते. अशी गाडी काही आजची नव्हे. 1881 साली पॅरिसमध्ये गुस्ताव त्रूव्हे याने विजेवर धावणारी तीनचाकी चालवून दाखवली होती. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी 2000 सालच्या सुमारास विजेची सायकलरिक्षा सिद्ध केली. परंतु पक्क्या रस्त्यावाचून तिची खरी कसोटी लागली ती माथेरानला. तेथील लाल मातीच्या चढावर मोटारींना बंदी. त्यामुळे माणसांनीच ओढलेल्या रिक्षांतून माणसे जात. सर्वोच्च न्यायालयाच्या अनुमतीने डिसेंबर 2022 मध्ये तेथे विजेच्या रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये त्याच न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. तो देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख, त्या वेळचे सरन्यायाधीश भूषण गवई, हे अमरावतीचेच, हा योगायोग मोठा गोड आहे.

इकडे पांदणीत नाल्याजवळ डावे चाक चिखलात उतरले. तरुणाने मूठ पिळली. विजेची मोटर जागच्या जागीच पूर्ण बळ देते. पेट्रोलच्या यंत्रासारखी ती गुरगुरून गती धरीत नाही. चढावर हा गुण, चिखलात मात्र अवगुण! बळ ज्या चाकाला पकड नाही त्याच्याकडेच धावते. म्हणून डावे चाक गरगरा फिरले, उजवे स्वस्थ राहिले आणि गाडी वीतभर खाली गेली. बैल असता तर तो थांबला असता. यंत्राला थांबणे शिकवावे लागते.

वृद्धा हळूच खाली उतरली. म्हाताऱ्याने बांधावरच्या गंजीतून गतवर्षीची पऱ्हाटी उपसून आणली आणि चाकाखाली आडवी घातली. मडगार्डात दाटलेली माती तरुणाने काडीने कोरून काढली. मग त्याने मूठ इतकी हळू पिळली, की मोटर चालू झाली हे कानाला कळलेच नाही. काड्या कडकडल्या, गाडीने एक हिसका घेतला आणि ती वर आली. वृद्धा पुन्हा बसली, ती डोळ्यावर हात धरूनच. उरलेली पांदण गाडी माणसाच्या चालीने गेली. दारात उतरल्यावर तिने फडके चाचपले आणि म्हणाली, “दुखलं नाही रे बापू.” भाड्याखेरीज तिने त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

परतीची वाट वेगळीच निघाली. गाडी रिकामी झाली होती. मागची चाके हलकी होऊन उगाच घसरत होती. चिखलाने बॅटरीचे बळही अधिक खाल्ले होते. गावाबाहेरच्या शेवटच्या चढावर गाडी अगदीच मंदावली, तेव्हा तरुण खाली उतरून तिला लोटू लागला. त्याच वेळी नागपूरकडची मालगाडी धडधडत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा शेताकडे निघाला. पांदणीत दोन जुन्या चाकोऱ्यांच्या मधोमध, दबलेल्या गवतावर, एक तिसरी रेघ उमटली होती. नाल्याजवळ ती तुटली होती. तो थोडा वेळ तेथे उभा राहिला. मग घरी परतून त्याने मुरमाची पहिली टोपली उचलली.