हात हलला नव्हता

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात मोबाइलचा डिस्प्ले बदलून देणारी माणसं स्टेशनच्या जिन्यापासूनच सुरू होतात. जुन्या लेन्सचा फोकस जुळवून देणारा माणूस शोधायचा, तर महिने जातात. माझे तीन गेले.

लेन्स अब्बांची. हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटर, झेनिट कॅमेऱ्यावरची. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातली. मूळ रचना जर्मनीच्या कार्ल झाइसच्या बायोटार लेन्सची. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ८१, म्हणजे १९८१ सालची. याच लेन्सवर अब्बांनी कल्याण, भिवंडी, मुंब्रा इथली कितीतरी लग्नं काढली आणि आमच्या शाळेच्या फिया भरल्या.

मी ती अडॅप्टर लावून नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर चढवली. जवळचे चेहरे सुरेख येत होते. पण कडं अनंताच्या खुणेपर्यंत फिरवलं तरी मुंब्र्याचा डोंगर धूसरच. पहिला संशय अडॅप्टरवर. या स्क्रू माउंटच्या लेन्सचा बसायचा काठ फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर असावा लागतो. माझ्या कॅमेऱ्यात ते अंतर १८, म्हणून अडॅप्टर २७.४६ मिलिमीटरचा हवा. तो किंचित जाड असला तरी लांबचं दिसणं संपतं. मग लेन्स परत झेनिटवर लावली, मागचं दार उघडून फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि शटर उघडं धरून बघितलं. डोंगर तिथेही धूसर. म्हणजे दोष लेन्सचाच.

ठाण्यात गोखले रोडच्या बाजूला एका दुकानदाराने लेन्स हातातही न घेता “नवीन घ्या, ईएमआयवर देतो” असं सांगितलं. कल्याणला एक ओळखीचे मेकॅनिक होते, ते आता सीसीटीव्ही बसवतात. त्यांचं काय चुकलं? कॅमेरा दुरुस्तीवर घर चालत नाही. फोर्टातल्या बोरा बाजारात जा, असं सगळेच सांगत होते, तिथल्याच एकाने विचारलं, “डोंबिवलीहून येता? मग आमचे जुने उस्ताद तुमच्याकडेच आहेत की.”

उस्ताद म्हणजे डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांत राहणारे सत्तरीचे एक काका. टेबलावर ट्यूबलाइट, घड्याळजीचं भिंग, आणि चहाच्या बशांमध्ये वेगवेगळे ठेवलेले स्क्रू. लेन्स कानाशी नेऊन त्यांनी कडं फिरवलं आणि म्हणाले, “कोणीतरी आधी हात घातलाय हिला.”

त्यांना आधी भीती होती ती आतल्या आट्यांची. फोकसच्या आट्या साध्या स्क्रूसारख्या नसतात, त्यांना अनेक तोंडं असतात. ग्रीस बदलायला उघडून परत लावताना चुकीच्या तोंडातून लावल्या, तर सगळंच गणित फिरतं. तसं झालेलं नव्हतं. फोकसचं कडं तीन बारीक स्क्रूंनी आतल्या नळीवर आवळलेलं असतं. काकांनी ते सोडवून भिंग माझ्या हातात दिलं. नळीवर स्क्रूच्या टोकांचे तीन जुने, काळपट खड्डे होते आणि थोड्या अंतरावर तीन नवे, चकचकीत. कारखान्याची जागा वेगळी होती. कोणीतरी साफसफाई करून कडं भलत्याच जागी आवळलं होतं.

मग त्यांनी खरी जागा कशी शोधली, ते बघण्यासारखं होतं. झेनिटच्या फिल्मच्या जागी ब्लेडने रेघ मारलेला फिल्मचा तुकडा लावला, मागून दिवा धरला, आणि समोरून दुसरा कॅमेरा, त्याची लांब लेन्स अनंतावर ठेवून, झेनिटच्या लेन्समध्ये रोखला. ती रेघ दुसऱ्या कॅमेऱ्यात धारदार दिसली की आपली लेन्सही अनंतावर आली. बंद खोलीत, डोंगराशिवाय. (व्हॉट्सॲपवर फिरतं की ‘कॅमेरा’ हा शब्दच अरबी. तो लॅटिन आहे. पण अंधाऱ्या खोलीत भोकातून येणाऱ्या प्रकाशाचा पद्धतशीर अभ्यास हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथमने केला, हे खरं आहे. खरं एवढं मोठं असताना खोटं कशाला पुढे पाठवायचं?)

रेघ धारदार झाली तेव्हा स्क्रू बरोबर जुन्या खड्ड्यांत बसले.

काका सहज म्हणाले, “हिच्यात तीन मीटर लावलं की फोकस दोन मीटरवर पडत असणार.” तिथे मला फुफू आठवली.

त्या काळी जनान्यात अब्बा जात नसत. आतले फोटो फुफू काढायची. झेनिटच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, त्यातही ॲपर्चर बंद केल्यावर, घरातल्या उजेडात काही दिसत नाही. म्हणून अब्बांनी तिला ठोकताळा दिला होता: एफ ८, फ्लॅश, कड्यावर तीन मीटर, आणि नवरीपासून चार पावलं लांब उभी राहा. अडीच ते पावणेचार मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं. काही वर्षं आलंही. मग एकाएकी तिचे फोटो बिघडायला लागले. बाहेरचे, अब्बांनी डोळ्याने फोकस करून काढलेले, छान. आतले खराब. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या. ‘हिचा हात हलतो’ असं ठरलं आणि तिचं काम मावसबहिणीला नव्हे, कुणालाच मिळालं नाही. अब्बांनी जनान्याचे फोटो घेणंच सोडलं. फुफूला प्रत्येक लग्नाचे पैसे मिळत. तिच्या हातात स्वतःचा म्हणून येणारा तेवढाच पैसा होता.

घरी येऊन मी जुने अल्बम काढले. हात हलला तर सगळंच हलतं, आणि फ्लॅशमध्ये तर तेही सहसा होत नाही. बिघडलेल्या फोटोंत नवरी धूसर आहे, पण तिच्या पुढ्यात सतरंजीवर बसलेल्या पोराच्या टोपीवरची जरी मोजता येते. एकात नाही, बघितलेल्या नऊपैकी सातांत.

अब्बा आता नाहीत. लेन्सचं ग्रीस घट्ट झालं म्हणून ती कुठल्याशा दुकानात दिली होती, एवढं अम्मीला आठवतं. तेव्हा फुफूचे फोटो बिघडले नव्हते, हेही.

रविवारी अल्बम आणि कॅमेरा घेऊन दूधनाक्याला फुफूकडे गेलो. खड्ड्यांची गोष्ट सांगितली. तिने चष्मा बदलून ती टोपी बराच वेळ बघितली. “मी तेव्हाच बोलले होते तुझ्या अब्बांना,” ती म्हणाली, “की माझा हात हलत नाही. चपाती लाटताना हलतो का?” मग अल्बम मिटून विचारलं, “त्या माणसाने किती घेतले?”

“आठशे.”

“कमी घेतले,” म्हणाली, आणि कॅमेरा उचलून डोळ्याला लावला.