अंडरकट

गेल्या जुलैमध्ये मी वसईहून वरोरला सहाशे ग्रॅम मांस लोकलने आणलं. तीन पिशव्यांत गुंडाळून, भोवती बर्फ, सॅकच्या तळाशी. वर टॉवेल आणि जुनं जर्किन.

मांस म्हशीचं होतं, म्हणजे कायदेशीर. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६च्या कायद्याने बंदी आहे, २०१५च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस-रेडा त्यात नाहीत. हे सगळं मी वाचून निघालो होतो. खाटकाकडून कागदावर 'म्हैस, अंडरकट' असं लिहूनही घेतलं होतं. तरी विरारला डहाणू लोकलमध्ये चढल्यावर बर्फाचं पाणी पायाशी ठिबकलं, तेव्हा मी सॅक मांडीवर घेतली आणि भिजलो. ऑगस्ट २०२४मध्ये इगतपुरीजवळ धुळ्याच्या गाडीत एका वृद्धाला मांसाच्या संशयावरून मारहाण झाली होती. तो व्हिडिओ मी पाहिला होता. माझं आडनाव ऐकून कुणी मला दुसरा प्रश्न विचारला नसता, हेही मला माहीत होतं. तरीही कुणी विचारलंच, तर 'मटण' म्हणायचं ठरवलं होतं.

आमचं वरोर म्हणजे वाढवण बंदरामुळे आता बातम्यांत असतं ते, डहाणू तालुक्यातलं किनाऱ्यावरचं गाव. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. घरात सुके बोंबील नि जवळा. बाबा फोनवर म्हणाले होते, "तू पुण्यात ते मशरूमवालं करतोस ना, एकदा आम्हालाही घाल." आईला आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं.

वाणगावला उतरल्यावर बाजारात नेहमीची वारली मावशी पानांवर अळंबी मांडून बसली होती. बटण मशरूम घेणार होतो, ते राहिलं.

घरी आईने सॅक उघडली.

"काय आहे?"

"मटण."

तिने पिशवी दाबून पाहिली. "बोकडाला एवढा लांब तुकडा कुठे असतो?"

सांगावं लागलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मग टॉवेल कशाला?"

आईने वीस वर्षं याच मार्गाने विरारला मासळी नेली. डबा चुकला की लोक नाक दाबायचे, सरकून बसायचे. "मी पाटीवर कधी टॉवेल टाकला नाही," ती म्हणाली.

"मासळीसाठी कुणी मारत नाही, आई."

यावर ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मी खाणार नाही. कढई मात्र माझी घे, तुझं ते नॉनस्टिक नको."

अंडरकट म्हणजे पाठीच्या कण्याखालचा, आतला लांबट स्नायू. जनावर चालताना त्याला फारसं काम नसतं, म्हणून तो मऊ. त्यावर पांढरा चिवट पापुद्रा असतो, तो कितीही शिजवला तरी विरघळत नाही. मी त्याच्यासोबत अर्धं मांसही कापू लागलो, तेव्हा बाबांनी सुरी हातातून घेतली. टोक पापुद्र्याखाली घातलं, धार किंचित वर वळवली आणि एका ओढीत पट्टी काढली. "मुशीची कातडी अशीच निघते," म्हणाले.

दोन बोटं जाडीचे तुकडे, मीठ, मिरी. कढई धुरावेपर्यंत तापवायची, एकेक बाजू तीन मिनिटं. म्हशीच्या मांसात चरबी कमी, जास्त ठेवलं की रबर. काढून पाच मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे रस कापताना ताटात सांडत नाही. त्याच कढईत लोणी, कांदा, लसूण, अळंबी. अळंबीला आधी पाणी सुटतं, ते आटू द्यायचं. क्रीम आणायला मी विसरलो होतो. आईने तुपासाठी जमवलेली साय पुढे केली. तीही म्हशीचीच. फेटून, गॅस अगदी बारीक करून घातली, नाहीतर फुटते. आईसाठी थोडी अळंबी वेगळ्या भांड्यात केली.

आम्ही जेवायला बसलो, तेवढ्यात शेजारच्या काकू जवळा मागायला दारात आल्या. "वास कसला गं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताटाकडे.

"म्हशीचं," आई म्हणाली. "वसईहून आणलं. पोराने केलंय."

काकू क्षणभर थांबल्या. "हां," म्हणाल्या. आईने उठून जवळ्याची पिशवी दिली, त्या गेल्या.

आई परत येऊन बसली, भाकरीचा तुकडा आपल्या अळंबीत बुडवला. "मीठ कमी आहे," म्हणाली.

बाबांनी दुसरी भाकरी मागितली.