कोणत्या वाटेनं आलं?

धरणांच्या पाणीसाठ्याचे आकडे रोज पहाटे उतरवून घेणारी पायथॉनची छोटी स्क्रिप्ट मी लिहिली होती. लॅपटॉपवर ती आठवडाभर बिनबोभाट चालली. सर्व्हरवर चढवली आणि पहिल्याच पहाटे टाइमआउट! सर्व्हरला बाहेर पडायला एकच दार होतं, स्क्विड प्रॉक्सीचं, 3128 पोर्टवरचं. आणि ते तर मी स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं.

रिक्वेस्ट्स या लायब्ररीला प्रॉक्सी सांगायची ती एका डिक्शनरीतून. तिच्यात मी फक्त एचटीटीपीची नोंद केली होती. साइटचा पत्ता मात्र एचटीटीपीएसचा. नोंद जुळली नाही तर लायब्ररी तक्रार करत नाही, थेट निघते. लॅपटॉपला थेट रस्ता मोकळा होता, म्हणून आठवडाभर 200 येत राहिलं आणि मी निर्धास्त झोपलो. 200 म्हणजे उत्तर आलं, एवढंच. कोणत्या वाटेनं आलं, हे त्यात नसतं.

दुसरी नोंद करताना पुन्हा हात थांबला. एचटीटीपीएसच्या नोंदीपुढेही प्रॉक्सीचा पत्ता एचटीटीपीनंच सुरू करायचा? हो. नोंद जिथे जायचंय त्या पत्त्याची, पुढचा पत्ता प्रॉक्सीशी कसं बोलायचं त्याचा. स्क्रिप्ट आधी प्रॉक्सीला उघडपणे 'कनेक्ट' सांगते: अमुक होस्टच्या 443 पोर्टला जोडून दे. जोडणी झाली की टीएलएसची बोलणी पलीकडच्या सर्व्हरशीच होतात, प्रॉक्सी नुसते बाइट इकडून तिकडे पोचवते. कुणाशी बोलणं चाललंय ते तिला कळतं. काय, ते नाही. ही रचना मला फार देखणी वाटते. स्वतःचं प्रमाणपत्र मध्ये घालून सगळं उघडून पाहणाऱ्या प्रॉक्सीही असतात. तिथे प्रमाणपत्राची तपासणीच बंद करायचा मोह होतो. मी ती कधीच बंद करत नाही, ती प्रॉक्सी चालवणाऱ्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र मागून घेतो.



आता नवी स्क्रिप्ट झाली की पहिल्यांदा प्रॉक्सीचा पोर्ट मुद्दाम चुकीचा घालतो. तरीही 200 आलं तर काळजात धस्स होतं. स्क्रिप्ट पडली तर बरं वाटतं. मग पोर्ट दुरुस्त करतो आणि स्क्विडच्या लॉगमध्ये 'कनेक्ट' आणि त्यापुढे माझ्या होस्टचं नाव दिसेपर्यंत जागेवरून उठत नाही.