चिखलीतली काचेची नदी

देहू सोडून इंद्रायणी आळंदीकडे निघाली, की वाटेत चिखली लागते. 1997 साली गाव महापालिकेत आले आणि शेतांच्या जागी इमारती उठल्या. तिथे एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात बोर्निओ-सुमात्राकडच्या क्लाऊन लोच माशांचे बिऱ्हाड आहे. नारिंगी अंग, तीन काळे पट्टे; वाढला तर फूटभर! मधूनच एखादी स्वारी मेल्यासारखी कुशीवर लवंडते आणि पाहुण्यांची तारांबळ उडते. त्यांना सोबत हवी, खेळते, निर्मळ पाणी हवे. त्यांचा पट्टेरी भाऊबंद बोटिया स्ट्रायटा आपल्या सह्याद्रीतलाच. 1920 साली प्रा. नारायण रावांनी नोंदवलेला हा मासा आज संकटग्रस्त आहे. यजमान दर आठवड्याला टाकीतले थोडे पाणी बदलतात. जवळच्या इंद्रायणीवर मात्र वरचेवर फेस तरंगतो. नदीचे पाणी असे बदलता येत नाही. तिच्यात घाण सोडणेच थांबवावे लागते.