नानांचा हिशेब

लासुर्णे, ता. इंदापूर

प्रिय ताई,


तुझ्या लेकाने परवा फोनवर विचारलं, "आजोबा खरंच प्रोग्रामर होते, की नुसते कॉम्प्युटरपुढे बसायचे?" तुझं लग्न झालं तेव्हा नाना कीबोर्डवर अक्षरं हुडकत होते. पुढचं तूही फारसं पाहिलं नाहीस, म्हणून सविस्तर लिहितोय.

लष्कराच्या सिग्नल्समधून हवालदार होऊन नाना घरी आले. सगळ्यांना वाटलं, आता बारामतीच्या एमआयडीसीत सिक्युरिटीला लागतील. त्यांनी अप्पा बळवंत चौकातून यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' आणलं, सी भाषा शिकवणारं पुस्तक, जुनं. शिक्षण दहावी, इंग्रजी पलटणीत कानावर पडलेलं. म्हणून शेजारी वीरकरांची डिक्शनरी. वीज असली की कॉम्प्युटर, गेली की रजिस्टर. लोडशेडिंग त्यांच्या पथ्यावरच पडलं म्हण. आधी पेन्सिलीने प्रोग्राम लिहायचा, मग कोणत्या ओळीला कोणता आकडा हाती राहिला ते समासात मांडायचं. जबलपूरला मोर्स घोटलेला माणूस. एक टिंब चुकलं तर काय होतं, हे त्यांना वेगळं शिकवायची गरज नव्हती.

लिहिलं काय, तर पेन्शन. निवृत्त होताना जवान पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे उचलतो, कम्युटेशन म्हणतात ते. तेवढी कपात दरमहा होते आणि १५ वर्षांनी थांबायला हवी. वस्तीवरच्या एका एकाहत्तरच्या लढाईतल्या आजोबांची मुदत उलटून गेली तरी कपात चालूच होती. नानांचा पहिला प्रोग्राम त्यांच्यासाठी. बँकेचं नाव लिहीत नाही. बाकी मिळाली, एवढं पुरे.

मग आलं वन रँक वन पेन्शन, म्हणजे सारखा हुद्दा, सारखी सेवा, तर सारखी पेन्शन. आदेश ७ नोव्हेंबर २०१५ चा, लागू १ जुलै २०१४ पासून. फेब्रुवारी २०१६ मध्ये अलाहाबादच्या लष्करी पेन्शन कार्यालयातून ५५५ नंबरचं परिपत्रक निघालं, त्यात १०१ तक्ते! हुद्दा, ग्रुप, सेवेची वर्षं, सगळं वेगवेगळं. सणसर, निमगाव केतकीहून बायका पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि पासबुक पिशवीत घालून एसटीने यायच्या. नवरा कोणत्या ग्रुपचा होता हे त्यांना कोण सांगणार? खरी मेख सेवा मोजण्यात होती. वरचे महिने तीन भरले की अर्धं वर्ष धरायचं, नऊ भरले की पूर्ण. १७ वर्षं ९ महिने म्हणजे १८. तिथे चुकलं की तक्त्यातली ओळच बदलते, आणि दरमहा तोटा.

कोड बघून मला कसंसंच व्हायचं. सगळं एकाच फंक्शनात, अधेमधे इकडून तिकडे उड्या मारणारे गोटू. मी कॉलेजातून शिकून आलेला, म्हणालो, "नाना, हे एक्सेलमध्ये अर्ध्या तासात होईल." म्हणाले, "होईल की. पण आकडा कुठून आला, हे या बाईला साहेबापुढं सांगता येईल का?" त्यांचा प्रोग्राम नुसतं उत्तर देत नसे. कोणता नियम लागला, कोणता तक्ता, कोणती ओळ, हे पायरीपायरीने छापून द्यायचा, आणि ते मराठीत वाचून दाखवल्याशिवाय नाना कागद हातात देत नसत. ही अक्कल माझ्या पदवीत नव्हती.

लेकाला पदवीचीच शंका असेल, तर त्याला टोनी होअर वाचायला सांग. ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकले, मग ब्रिटिश नौदलात जाऊन रशियन शिकले, आणि त्यानंतर क्विकसॉर्ट काढलं. कॉलेजात तो ते शिकतोच आहे.

आता कामाचं. पेन्शन १ जुलै २०१९ पासून बदलली, १ जुलै २०२४ पासून पुन्हा बदलली, त्यामुळे नानांचे तक्ते जुने झाले. बायका अजून येतात, मला नाही म्हणवत नाही. रजिस्टरचे फोटो पाठवतोय. तुझ्या लेकाने सुट्टीत नवे तक्ते भरून दिले तर बरं होईल. गोटू काढला तरी चालेल, पायऱ्या छापायचं मात्र काढू नको म्हणावं.

तुझा,
बाळू