डेल्को : एका ठिणगीचा इतिहास

१/ मुंबई-पनवेल पट्ट्यातील जुन्या गॅरेजात ‘डेल्को खोल’ असे म्हटले, की हाताखालचा पोरगा नेमके तेच काळे झाकण काढतो ज्यातून प्लगच्या वायरी निघतात. हा शब्द कोठून आला, आणि खारघरमधील एका पद्मिनीच्या डेल्कोतून काय काढले गेले, त्याची ही गोष्ट. #थ्रेड #इतिहास

२/ अमेरिकेतील डेटन या शहरात चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी १९०९ मध्ये ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ स्थापन केली. तिच्या इंग्रजी नावाची अक्षरे जुळवून ‘डेल्को’ झाले. केटरिंग यांची बॅटरीवर चालणारी प्रज्वलनव्यवस्था १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत बसली आणि पुढे अनेक दशके जगातील बहुतेक पेट्रोल मोटारींनी तेच तत्त्व वापरले. आपल्याकडे डबी कोणत्याही कंपनीची असो, नाव ‘डेल्को’च राहिले.

३/ तत्त्व असे : बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहत असतो. डेल्कोतील दोन लहान संपर्कबिंदू, म्हणजे ‘पॉइंट’, एकमेकांपासून दूर होताच तो तुटतो. त्या क्षणी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगवर ठिणगी पडते.

४/ चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतात. त्यांतील फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, फट आकसते, ठिणगी उशिरा पडू लागते. गाडीचा दम जातो, पेट्रोल वाढते. म्हणून पॉइंट घासणे, फट लावणे आणि टायमिंग जुळवणे हे नित्यकर्म होते.

५/ आता मुंबईकडे येऊ. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियात ११०० बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. इंजिन १०८९ सीसीचे, ठिणगी पॉइंटची.

६/ मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. त्या नियमाने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. त्यानंतर अठराच दिवसांनी, १७ नोव्हेंबर २०२३ रोजी, बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो खारघरमधून धावू लागली.

७/ त्याच खारघरमधील एका सोसायटीत १९७४ ची एक खासगी पद्मिनी उभी असते. तिचे मालक वयोवृद्ध आजोबा. दर रविवारी ते डेल्कोचे झाकण उघडत, पॉलिश पेपरने पॉइंट घासत आणि फिलर गेजने फट मोजत. उभ्या गाडीच्या पॉइंटवर दमट हवेने गंज धरतो. पांडवकड्याचा धबधबा वाहू लागला, की गाडी सुरू होण्याची खात्री नसे.

८/ पुढे आजोबांची नजर अधू झाली, हात कापू लागले. नात म्हणाली, “आजोबा, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेऊ या. परत कधी घासायला नको.” आजोबा म्हणाले, “अगं, मग ती गाडी कुर्ल्याची राहील का?”

९/ हा प्रश्न भावनेपुरता नव्हता. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. १९७४ ची गाडी २०२४ मध्ये त्या वयाला पोहोचली. अशा वेळी मूळ स्वरूपाला हात लावताना विचार करावाच लागतो.

१०/ इलेक्ट्रॉनिक व्यवस्थेत पॉइंट आणि कंडेन्सर निघतात. त्यांच्या जागी दांड्यावर चुंबकांचे कडे आणि शेजारी एक संवेदक बसतो. चुंबक समोरून गेला, की ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. घासणारे काहीच नसल्याने फट बदलत नाही. झाकण, रोटर आणि वायरी जुन्याच राहतात. बाहेरून फरक दिसत नाही.

११/ क्रायस्लरने १९७३ मध्ये आपल्या अमेरिकी मोटारींत इलेक्ट्रॉनिक इग्निशन सरसकट दिले. म्हणजे पद्मिनीला हे नाव मिळण्याआधीच पॉइंटचे दिवस भरत आले होते. परंतु अशा अनेक संवेदकांमागील ‘हॉल परिणाम’ एडविन हॉल यांनी १८७९ मध्येच शोधला होता. बेन्झची मोटार १८८६ ची. ‘नवा’ भाग ज्या तत्त्वावर चालतो, ते मोटारीहूनही जुने आहे!

१२/ दोषही जाणावेत. पॉइंट हळूहळू खराब होतात आणि रस्त्याच्या कडेला घासून घरापर्यंत आणतात. इलेक्ट्रॉनिक भाग बंद पडला, तर एकदम पडतो. कॉइल त्याच्याशी जुळणारी हवी. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली, तर कॉइल किंवा तो भाग जळू शकतो. झाकणात ओल शिरली, तर मात्र दोन्ही व्यवस्था सारख्याच अडतात.

१३/ आजोबांनी अखेर होकार दिला, पण एका अटीवर : “आधी तू पॉइंट लावायला शीक. काय काढतेस ते कळल्याशिवाय काढायचं नाही.” तीन रविवार गेले. डेल्कोची पकड सैल करून तो किंचित फिरवायचा, इंजिनाचा आवाज चढेल तिथवर न्यायचा आणि केसभर मागे आणायचा, हे कानाचे काम तिच्या अंगवळणी पडले. चौथ्या रविवारी नवा भाग बसला.

१४/ काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीत डब्यात ठेवले. अर्ध्या तासात ते परत बसवता येतात. बदलाची तारीख गाडीच्या कागदांत लिहिली. जुनी वस्तू वापरात ठेवायची, तर हे दोन नियम पुरेसे आहेत : बदल परत फिरवता यावा आणि त्याची नोंद राहावी.

१५/ वस्तू डब्यात राहते. तिच्याभोवतीची विद्या मात्र माणसाबरोबर जाते. कानाने टायमिंग लावणारे मिस्त्री आता थोडे उरले आहेत. आपल्या भागात असे कोणी असतील, तर त्यांच्याकडे जावे, त्यांचे शब्द आणि हातोटी लिहून घ्यावी. कुर्ल्याच्या गाड्यांचा निम्मा इतिहास अजून त्यांच्याच तोंडी आहे.